चला डेटनला, माकडांच्या खटल्याला

कोट घालावाच लागेल. जुलै आहे, अंगाची लाही होतेय, सगळं मान्य; पण १९२५ साली कोर्टात जायचं तर कोट, कडक कॉलर, टाय आणि डोक्यावर गवती हॅट हवीच. खिशात दोन रुमाल ठेवा, एक कपाळासाठी, एक मानेसाठी. दुपारी दोनच्या सुमाराला दोन्ही पिळाल. मोबाइल घरीच राहू द्या. तिथे बातमी तारेने जाते आणि तारेच्या रांगेत तुमच्यापुढे शंभरावर बातमीदार उभे आहेत.

चॅटनूगाहून उत्तरेला जाणारी आगगाडी पकडा. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, त्यामुळे तुमच्याकडे पाहून तिकीट तपासनीस जरा घोटाळ्यात पडेल. ‘मुंबईच्या पेपरचा बातमीदार’ म्हणून सांगा. या आठवड्यात डेटनला निघालेला प्रत्येक अनोळखी माणूस बातमीदारच असतो, त्यामुळे चालून जाईल. कोणत्या डब्यात बसवतील ते तुमच्या नशिबावर. इंजिनाच्या कोळशाची कणी मात्र दोन्हीकडे सारखीच डोळ्यात जाते. डावीकडे वॉल्डन्स रिजची हिरवी डोंगररांग लांबच लांब पळत राहते, उजवीकडे मक्याची शेतं. खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर घाम. उघडीच ठेवा.

उतरलात? पहिली धडक नाकाला बसते. मार्केट स्ट्रीटवर कुठेतरी निखाऱ्यावर मांस भाजलं जातंय, त्याचा धूर. त्यात लिंबाच्या सरबताचा आंबट वास, घोड्यांची लीद, फोर्ड गाड्यांचं पेट्रोल आणि उन्हात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसांचा घाम. गाव जेमतेम १,८०० वस्तीचं. एके काळी इथल्या लोखंडाच्या भट्ट्या धगधगत होत्या, तेव्हा वस्ती तीन हजारांच्या घरात होती. भट्ट्या विझल्या, माणसं पोटामागे निघून गेली. जे उरले त्यांना गिऱ्हाईक हवंय, आणि या महिन्यात ते आगगाडी भरभरून येतंय. आपल्याकडच्या जत्रेत देवळाच्या वाटेवर जे जे विकायला बसतं, ते सगळं इथे कोर्टाच्या वाटेवर बसलंय: हॉट डॉग, खेळण्यातली माकडं, बायबलं.

चालता चालता वर बघा. एका कापडदुकानाच्या मालकाचं आडनावच डार्विन. त्याने झोकात फलक लावलाय: ‘डार्विन बरोबर आहे’, आणि खाली बारीक अक्षरात ‘आत’. बाजूने फटफटी धडधडत जाते, तिच्यावर ‘मंकीव्हिल पोलीस’ अशी पाटी. कोर्टाजवळ टी. टी. मार्टिन नावाच्या धर्मोपदेशकाने पुस्तकांचा ठेला मांडलाय. त्याच्या पुस्तकाचं नाव ‘नरक आणि हायस्कूल’. दोन्हींचा पत्ता एकच, असं त्याचं म्हणणं. कोपऱ्यावर एक जण गुडघ्यावर बसून जगबुडीची तारीख सांगतोय, पलीकडे दुसरा त्याला खोटं पाडतोय. थांबू नका, थांबलात तर एक तरी पत्रक गळ्यात मारतील.

घसा कोरडा पडला असेल तर रॉबिन्सन यांच्या औषधांच्या दुकानात शिरा. आत छताला पंखा, संगमरवरी काउंटर, सोड्याच्या नळाची फसफस. आणि काउंटरशी चौकड्यांचा सूट, डोक्यावर हॅट, हातात कोका-कोला घेऊन बसलेला हा पाहुणा म्हणजे जो मेंडी. चिंपांझी आहे. खेळ करणाऱ्यांनी आणलाय. शिष्टाचार चांगले आहेत त्याचे. गर्दीत त्याने कोणाला ढकललेलं दिसत नाही, एवढं बाकीच्यांबद्दल सांगता येणार नाही.

थंड काहीतरी मागवा आणि त्या टेबलाकडे नीट बघा. सगळं तिथे सुरू झालं. बटलर नावाच्या आमदाराने आणलेला कायदा मार्च महिन्यात पास झाला होता: माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवलं तर १०० ते ५०० डॉलर दंड. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने पेपरात जाहीर केलं, या कायद्याला आव्हान द्यायला कोणी शिक्षक तयार असेल तर आम्ही पाठीशी आहोत. ते वाचून कोळसा कंपनीचे व्यवस्थापक जॉर्ज रॅपलीया पेपर घेऊन इथे आले. खटला आपल्याच गावात झाला तर? रॉबिन्सन यांचे डोळे चमकले. ते नुसते दुकानदार नव्हते, शाळा मंडळाचे अध्यक्षही होते.

टेनिस खेळत असलेल्या जॉन स्कोप्सला बोलावणं गेलं. वय २४, शाळेत फुटबॉल शिकवणारा, जीवशास्त्राचे शिक्षक रजेवर असताना त्यांचे तास घेणारा. उत्क्रांती शिकवलीस का, असं विचारल्यावर त्याला नक्की आठवेना. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. हंटर यांचं ‘सिव्हिक बायॉलॉजी’ हे राज्याने मंजूर केलेलं पाठ्यपुस्तक, त्यात उत्क्रांती आहे, आणि ते पुस्तक इथे, याच दुकानाच्या फळीवर विकायला आहे. म्हणजे सरकारने जे शिकवायला सांगितलं तेच शिकवणं सरकारने गुन्हा ठरवलं होतं, आणि शाळा मंडळाचे अध्यक्ष त्या गुन्ह्याचं साहित्य रोख पैसे घेऊन विकत होते. कोणालाच त्याची लाज वाटली नाही. पोऱ्या तयार झाला, अटकेची कागदपत्रं झाली, आणि तो पुन्हा टेनिस खेळायला गेला.

ग्लास संपवा. कोर्टात जागा मिळवायची तर आत्ताच निघायला हवं.

लाल विटांची इमारत, वर घड्याळाचा मनोरा. जिना चढताना पुढच्याची टाच तुमच्या बोटांवर येईल, मागच्याचं कोपर बरगडीत बसेल. कोर्टाची खोली माडीवर आहे. बाकांवर सातेकशे माणसं, भिंतींना टेकून आणखी तीनेकशे. भिंती नव्या रंगवलेल्या. रंगाचा, तंबाखूचा आणि तालमीतल्यासारखा घामाचा वास एकत्र येतो. पारा शंभर फॅरनहाइटच्या घरात. आत आल्याबरोबर हातात ताडाच्या पानाचा पंखा घ्या. शेकडो पंखे एकदम हलताहेत, वारा मात्र कोणालाच लागत नाही. शेजाऱ्याची ऊब तेवढी तुमच्याकडे येते.

मधोमध तो चकचकीत धातूचा खांब दिसतोय? मायक्रोफोन. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओने आणलाय. खटल्याचं असं थेट प्रक्षेपण पहिल्यांदाच होतंय, आणि त्यासाठी कोर्टातल्या खुर्च्या-टेबलांची मांडणीसुद्धा बदललीय. न्यायाधीश जॉन रॉल्स्टन यांची त्याला हरकत नाही, उलट फोटोवाल्यांना ते आनंदाने तोंड देतात. कामकाजाची सुरुवात प्रार्थनेने होते. बचावाच्या वकिलांना ते पटत नाही, तसं ते बोलूनही दाखवतात, पण प्रार्थना होतेच.

आता माणसं ओळखून घ्या. कॉलर आत दुमडून, बाह्या सारून, पंख्याने वारा घेत बसलेले टक्कलवाले स्थूल गृहस्थ म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, तीनदा हरले, नंतर परराष्ट्रमंत्रीही होते. कोर्टात वकील म्हणून उभं राहून त्यांना तीस वर्षं तरी झाली असतील. पण ते मुळात वकिलीसाठी आलेलेच नाहीत. असे कायदे राज्याराज्यांत व्हावेत म्हणून ते देशभर भाषणं देत फिरलेत. शाळा जनतेच्या पैशावर चालते, तर तिथे काय शिकवायचं ते जनता ठरवेल, हे त्यांचं सूत्र. बाकांवरचे शेतकरी त्यांच्याकडे घरच्या वडीलधाऱ्याकडे बघावं तसे बघतात, कारण त्यांच्या बाजूने बोलत ब्रायन म्हातारे झालेत. त्यांच्यासमोर पाठीत वाकलेले, अंगठे गॅलिसमध्ये अडकवून उभे असलेले क्लॅरन्स डॅरो, देशातले नावाजलेले फौजदारी वकील. आणि बातमीदारांच्या घोळक्यात बसलेले ते शेतकरी? तेच आमदार जॉन बटलर. एका वृत्तसंस्थेने त्यांनाच खटल्यावर लिहायला पैसे देऊन बसवलंय. स्वतः केलेल्या कायद्याचं समालोचन करायची संधी फार थोड्या आमदारांना मिळते.

बटलर यांच्याशी बोललात तर माणूस सरळ वाटेल. मुलं शाळेतून येऊन आईबापांना बायबल खोटं म्हणतात, असं त्यांनी वाचलं, काळजी वाटली, विधेयक आणलं. पंचाईत पुढची आहे. खालच्या सभागृहाने ते ७१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केलं. विरोधात मत द्यायचं म्हणजे मतदारसंघात देवाच्या विरोधात गेल्यासारखं. वरचं सभागृह अडवेल, म्हणून बऱ्याच जणांनी हात वर केला. वरच्याने अडवलं नाही. मग सगळ्यांची नजर गव्हर्नर ऑस्टिन पी यांच्याकडे गेली. त्यांना शाळांसाठी पैसा हवा होता, शाळेचं वर्ष लांबवायचं होतं, आणि त्यासाठी याच ग्रामीण आमदारांची मतं हवी होती. त्यांनी सही केली आणि जाता जाता सांगितलं, हा कायदा प्रत्यक्षात कोणी वापरेल असं वाटत नाही. सभागृहाने वरच्यावर ढकललं, वरच्याने गव्हर्नरवर, गव्हर्नरने नशिबावर.

शांत बसा, साक्षीदार आलाय. चौदा वर्षांचा, विद्यार्थी. मास्तरांनी काय शिकवलं? तो भरभर सांगतो: पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, मग थंड झाली, समुद्रात एका पेशीचा जीव झाला, तो वाढत बदलत गेला, शेवटी माणूस. डॅरो विचारतात, माणूस म्हणजे मांजरच, असं शिकवलं का? नाही, पोरगा म्हणतो, माणसाला विचारशक्ती असते असं सर म्हणाले. त्याबद्दल थोडी शंका आहे, असं डॅरो पुटपुटतात आणि खोली हसते. हे ऐकून तुझं काही वाईट झालं का? नाही. मग दुसऱ्या, मोठ्या मुलाला विचारतात, उत्क्रांती शिकल्यावर चर्चला जायचं सोडलंस का? नाही, साहेब. झालं. दोन्ही मुलं निघून गेली. ज्या वर्गासाठी हे सगळं चाललंय, त्या वर्गाला इथे एवढाच वेळ मिळाला.

ज्युरी शोधताय? ते बारा जण बाहेर आहेत. फुकटात पहिल्या रांगेची जागा मिळणार म्हणून खुशीत आले होते बिचारे. पण शास्त्रज्ञांची साक्ष घ्यायची की नाही यावर वकील भांडायला लागले आणि ज्युरीने ते ऐकायचं नसतं, म्हणून त्यांना बाहेर काढलं. खटल्याचा बराचसा भाग त्यांनी असाच चुकवला. गावाने तो हिरवळीवरच्या भोंग्यांतून ऐकला.

गुरुवारी मात्र कोणीही जागा सोडू नका. ब्रायन उठले. हातात तेच पुस्तक, ‘सिव्हिक बायॉलॉजी’. त्यातली एक आकृती ते उघडून दाखवतात: प्राणिसृष्टीचं झाड, फांद्यांना वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात त्या गटातल्या जातींची संख्या. कीटकांचं वर्तुळ भलंमोठं, ३,६०,००० जातींचं. कोपऱ्यात एक इवलंसं वर्तुळ, सस्तन प्राणी, ३,५००. माणूस कुठे आहे? त्या इवल्या वर्तुळात, बाकीच्या साऱ्या जनावरांसोबत कोंडलेला! वर आणखी, हे लोक आपल्याला अमेरिकी माकडांपासूनसुद्धा येऊ देत नाहीत, जुन्या जगातल्या माकडांपासून आणतात. हशा उसळतो. तुम्हीही हसाल, बोलतात झकास. पण हसून झाल्यावर ती आकृती पुन्हा बघा. गणितात चूक नाही. ब्रायन यांना शास्त्र खटकलेलंच नाही, माणसाला दिलेली जागा खटकली.

तुमच्या मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजतं, ‘माकडाचा माणूस होताना बघितलाय का कोणी?’ वाक्य ओळखीचं वाटलं असेल तर कान ठीक आहेत तुमचे. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह याच धर्तीवर बोलले होते आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल करायला हवा, असंही म्हणाले होते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना तेव्हा निवेदन काढावं लागलं.

इकडे डडली फील्ड मलोन उठताहेत. बचावाचे वकील, एके काळी ब्रायन यांच्याच हाताखाली परराष्ट्र खात्यात होते. सगळ्या वकिलांनी केव्हाच कोट उतरवले, यांनी मात्र इतके दिवस अंगातून काढलेला नाही. आता ते सावकाश कोट काढतात, घडी घालतात, टेबलावर ठेवतात. खोली एवढ्यानेच गप्प होते. मग त्यांचा आवाज चढत जातो. मुलांची डोकी मोकळी राहू द्या, धर्म त्यांना घरात आणि चर्चमध्ये मिळेल, विज्ञान शाळेत मिळू द्या, असा सगळा रोख. संपल्यावर जो कडकडाट होतो तो ब्रायन यांच्या वाट्याला आलेल्या टाळ्यांपेक्षा मोठा आहे, आणि टाळ्या वाजवणारे बहुतेक चर्चला जाणारेच आहेत. गर्दी आवरायला आलेला एक पोलीस दंडुका टेबलावर आपटतोय. शांतता करतोय असं वाटून दुसरा मदतीला धावला तर हा म्हणतो कसा, मी तर दाद देतोय! हा किस्सा पुढे स्कोप्सनेच सांगितला. चांगलं भाषण या गावाला कळतं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ठरवलं, ज्युरीपुढे शास्त्रज्ञांची साक्ष नको.

सोमवार. अर्धेअधिक बातमीदार संपलं म्हणून घरी गेले. तुम्ही जाऊ नका. या गर्दीच्या वजनाने माडी खाली येईल अशी भीती न्यायाधीशांना वाटते आणि दुपारी सगळं कोर्ट बाहेर, मेपलच्या सावलीत येतं. लाकडी मंच, समोर दोन-तीन हजार माणसं. काही बाकांवर, काही गवतात, काही मोटारींच्या टपावर, पोरं झाडांवर. गर्दीतून पोरं सोड्याच्या थंड बाटल्या विकत फिरताहेत. ज्युरी बसते त्याच्या समोर कोर्टाच्या भिंतीवर ‘बायबल वाचा’ असा मोठा फलक आहे. डॅरो तो काढायला लावतात, त्यावरही थोडी बाचाबाची होतेच.

मग बचावपक्ष ब्रायन यांनाच साक्षीला बोलावतो, बायबलचे जाणकार म्हणून. सरकारी वकील टॉम स्टुअर्ट हरकत घेत राहतात. ब्रायन ऐकत नाहीत. आयुष्यभर व्यासपीठ गाजवलेला माणूस इतक्या गर्दीसमोर नाही कसं म्हणेल? डॅरोंचे प्रश्न सुरू होतात. योनाला माशाने खरंच गिळलं? यहोशवाने सूर्य थांबवला तेव्हा पृथ्वीचं काय झालं? काइनला बायको कुठून मिळाली? शाप मिळण्याआधी साप चालायचा कसा, शेपटीवर? सुरुवातीला गर्दी ब्रायन यांच्या प्रत्येक टोल्यावर हसते. मग डॅरो विचारतात, सृष्टीचे ते सहा दिवस चोवीस तासांचे होते का? ब्रायन म्हणतात, तसंच असेल असं नाही. मोठे कालखंडही असू शकतील. तुमच्या शेजारची म्हातारी पंखा हलवायचा थांबते. अक्षरन्‌अक्षर खरं मानणाऱ्यांसाठी आलेला पुढारी स्वतःच अर्थ लावायला लागला होता. सुमारे दोन तासांनी दोघेही उभे राहून एकमेकांवर मुठी उगारताहेत. न्यायाधीश कामकाज तहकूब करतात. गंमत म्हणजे ही सगळी जुगलबंदीही ज्युरीने ऐकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती कामकाजातून काढून टाकली.

मंगळवारी डॅरो स्वतःच ज्युरीला सांगतात, आमच्या आरोपीला दोषी ठरवा. वरच्या कोर्टात जायचंय त्यांना, शिवाय त्यामुळे ब्रायन यांचं समारोपाचं लांबलचक भाषण होतच नाही. ज्युरीला नऊ मिनिटं लागतात. न्यायाधीश १०० डॉलर दंड ठोठावतात, मग कोणीतरी आठवण करून देतं की आरोपीला बोलायची संधी द्यायची राहिली. स्कोप्स उभा राहतो. आठ दिवसांत कोर्टासमोर पहिल्यांदाच बोलतो, मोजून दोन-चार वाक्यं. कायदा अन्यायाचा आहे, आपण त्याला विरोध करत राहू, एवढंच.

आता गाव भराभर रिकामं होईल. पाच दिवसांनी, रविवारी, ब्रायन चर्चमधून येतील, जेवतील, दुपारी आडवे होतील आणि उठणार नाहीत. स्कोप्स शिकागोला भूगर्भशास्त्र शिकायला जाईल. १९२७ साली टेनेसीचं सर्वोच्च न्यायालय शिक्षा रद्द करेल, पण कायदा चुकीचा म्हणून नव्हे. पन्नास डॉलरांवरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता, न्यायाधीशांनी ठरवला, या तांत्रिक मुद्द्यावर. कायदा शाबूत.

परतण्याआधी आणखी एकच करा. पुढच्या वर्षी, १९२६मध्ये, पुस्तकाच्या दुकानात जा आणि हंटर यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मागा, ‘न्यू सिव्हिक बायॉलॉजी’. चाळून बघा. उत्क्रांती हा शब्द त्यातून काढलाय. कोर्टाने तसा हुकूम दिला नव्हता, कोणी पोलीसही आला नव्हता. छापणाऱ्याला पुस्तक दक्षिणेतल्या राज्यांतही खपवायचं होतं. इतर पुस्तकांतही तो भाग आखडत गेला, आणि मुलांना आपलं काय गेलं ते कळलंच नाही, कारण न शिकवलेला धडा कोणाच्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

बटलर कायदा रद्द झाला १९६७ साली. बेचाळीस वर्षं. गव्हर्नर पी म्हणाले होते की तो कोणी वापरणार नाही, आणि फारसा कोणी वापरलाही नाही. वापरायची वेळच क्वचित आली. खडू हातात घेऊन फळ्याकडे वळलेल्या मास्तरांना तो आहे एवढं माहीत असलं की पुरत होतं.